शनिवारची पेटी

व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराला लागून, भिंतीवर ठोकलेली पत्र्याची पेटी. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'तक्रार व सूचना पेटी'. कुलूप पावसाळ्यात गंजलेलं, म्हणून किल्ली फिरवण्याआधी खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावे लागले. शनिवार होता, सकाळची शाळा, आणि सगळी मुलं दप्तरं भरण्याच्या घाईत. पेटीतून निघाले चॉकलेटचे कागद, खोडरबराचा तुकडा, चपटं करून सरकवलेलं एक कागदी विमान, 'टाकीत पाल पडली आहे' अशी बरीच जुनी सूचना, आणि गणिताच्या वहीच्या चौकटीच्या पानाचा चारदा दुमडलेला चौकोन. त्यावर एकच ओळ होती. 'ही पेटी कोण उघडतं?' खाली नाव नाही, इयत्ता नाही. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं, उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं लिहावं तसं. पेटी उघडणाऱ्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, "यात तक्रार अशी काही नाहीये" म्हणाल्या, आणि रजिस्टरमध्ये नोंद झाली: तक्रार निरंक.

ती चिठ्ठी मनातून गेली नाही.

मुलांनी काही सांगण्याआधी खडा टाकून बघण्याची रीत फार जुनी आहे. विहिरीत उतरण्याआधी पाणी किती खोल ते बघावं, तसं. "माझ्या एका मैत्रिणीला ना, एक काका त्रास देतात." "बाई, समजा एखाद्या मुलानं काहीतरी सांगितलं, तर तुम्ही त्याच्या घरी सांगता का?" यातली मैत्रीण पुष्कळदा मैत्रीण नसते आणि 'समजा'मधलं काहीच समजायचं नसतं. पहिल्या वाक्यात मूल फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा वाचतं. भुवया वर गेल्या, आवाज चढला, "कोण मैत्रीण? नाव सांग आधी!" असं झालं की "काही नाही, असंच" म्हणून ते उठून जातं, आणि मग कधीकधी कित्येक वर्षं परत येत नाही. डाव्या हातानं लिहिलेली ओळ हा असाच एक खडा होता. पेटीच्या किल्लीची चौकशी करणारं मूल किल्ली कुणाकडे आहे एवढंच विचारत नव्हतं. आपली चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल तो माणूस कोण, त्याची ऊठबस कुणाशी, आणि तो पुढे काय करील, हे सगळं त्या चार शब्दांत होतं.

मारण्याचं बघा. मराठीत मारासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशासाठी असतील. रट्टा, फटका, चापट, धपाटा, बुक्की, कानशिलात, बदडणं, धोपटणं, चोप देणं. शाळेतले वेगळे: अंगठे धरणं, ओणवं राहणं, कोंबडा करणं, बाकावर उभं करणं, बोटांच्या पेरांवर उभी पट्टी. आणि लहानांसाठी खास राखून ठेवलेले: धम्मक लाडू, चापट पोळी, 'आज प्रसाद मिळणार'. मार ही खाण्याचीच गोष्ट, आणि खाऊ घालणारी माणसंही तीच, जी जेवू घालतात. ज्या हातानं भरवायचं त्याच हातानं मारायचं, आणि दोन्हींचं नाव लाडू. हे शब्द प्रेमळ घरांत तयार झाले, यात शंका नाही. त्या हसण्यात घरातला मार घरगुती होऊन गेला, मिठामिरचीइतका, हेही तितकंच खरं.

नववी-दहावीच्या मुलामुलींना गोलात बसवून विचारलं की 'लहान मुलांना मारावं का', तर पहिला अर्धा तास बहुतेक आवाज एकाच बाजूचे निघतात. "मार नसता तर आम्ही वाया गेलो असतो." "आमच्या आईचा हात चालतो, पण जीव पण तिचाच लागतो." "सरांनी मारलं म्हणून पाढे आले." ही मतं खोटी म्हणून झिडकारण्यासारखी नाहीत. ज्यांनी मारलं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि प्रेम शाबूत ठेवायचं तर मार योग्यच होता असं म्हणण्यावाचून दुसरी वाट दिसत नाही. म्हणून मत विचारायचं थांबवून आठवण विचारावी लागते. सगळ्यांना सारख्या आकाराच्या, सारख्या रंगाच्या चिठ्ठ्या द्यायच्या, नाव घालायचं नाही, आणि प्रश्न एवढाच: 'शेवटचा मार खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं काय वाटत होतं?' लिहायला पाच मिनिटं, मग चिठ्ठ्या एका डब्यात मिसळायच्या आणि भलत्याच कुणीतरी वाचायच्या. आता पाढे कुठेच नसतात. 'सगळे बघत होते.' 'लहान बहीण हसली.' 'शर्ट ओला झाला होता.' 'आई नंतर रडली, मग मलाच तिची समजूत काढावी लागली.' 'माझी चूक काय होती ते अजून माहीत नाही.' एका तासापूर्वी मार हवाच म्हणणारी हीच मुलं. त्यांचं पहिलं मत आणि ही चिठ्ठी, दोन्ही खरी. तरुणांचं म्हणणं ऐकलं असं म्हणताना पहिल्या अर्ध्या तासावरच उठून जाण्याची चूक मोठी माणसं फार करतात.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारांवरच्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. महाराष्ट्र त्यात होता. तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून वर निघालं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. त्याच अभ्यासात १८ ते २४ वयाच्या २,३२४ तरुणांनाही त्यांचं लहानपण विचारलं गेलं. ते तरुण आज चाळिशीच्या आसपास असतील. त्यांतल्या अनेकांची मुलं आज सातवी-आठवीत असतील, एखाद्या अशाच पेटीसमोरून रोज जात असतील.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, १ एप्रिल २०१० पासून. घरातल्या मारावर मात्र अशी थेट बंदी आपल्याकडे नाही. मुलांना ही फट बरोबर कळते. छडी गेली, पण तिची जागा वहीतल्या लाल शेऱ्यानं आणि "उद्या वडलांना घेऊन ये" या वाक्यानं घेतली. हात शाळेचा नाही, मारणारे वडील. शिक्षकांची बाजूही बघायला हवी. पन्नास मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, आणि छडी काढून घेताना तिच्या जागी काय वापरायचं ते कुणी नीट शिकवलं नाही. वर्ग सुरू होताना मुलांनीच मिळून केलेले पाच नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणं, चुकणाऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात बोलणं, बिघडवलेलं त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेणं, हे चालतं, पण पहिले दीड-दोन महिने वर्गात आवाज वाढतो. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन विचारतात, "काय चाललंय?" अनेक चांगल्या शिक्षकांचा धीर तिथे सुटतो.

मारासाठी इतके शब्द, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी एकही नाही. लैंगिक त्रासाबद्दल मुलं बोलतात ती सर्वनामांत. 'त्यानं तसलं केलं.' 'घाण केलं.' 'तिथं हात लावला.' शरीराच्या भागांना आपण घरात 'शी-शूची जागा' म्हणतो, नाहीतर काहीच म्हणत नाही. ज्याला नाव नाही त्याबद्दल तक्रार लिहायची कशी? म्हणून लहानांच्या वर्गात सुरुवात नावांपासून करावी लागते: नाक, कोपर, गुडघा, आणि त्याच सुरात योनी, शिश्न, छाती, नितंब. शिकवणाऱ्याचा आवाज त्या चार शब्दांवर खाली गेला की अख्खा तास फुकट. मुलांना शब्दांपेक्षा तो उतरलेला आवाज जास्त लक्षात राहतो. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' ही जोडीही फसवी आहे. इंजेक्शन दुखतं, म्हणून ते वाईट होत नाही. आणि फूस लावणारा माणूस पहिल्यांदा हात लावतो तो गोंजारूनच, त्यात मुलाला बरंही वाटू शकतं. मग 'मला बरं वाटलं, म्हणजे चूक माझीच' हे ओझं ते आयुष्यभर वागवतं. त्यामुळे 'सुरक्षित-असुरक्षित' म्हणावं, आणि खूण सांगावी गुपिताची: जो स्पर्श करून 'कुणाला सांगू नकोस' म्हणतो, तो असुरक्षित. मग पाच बोटांचा खेळ. कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिल फिरवायची आणि प्रत्येक बोटावर सांगता येईल अशा एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. निदान दोन नावं घराबाहेरची हवीत. पहिल्यानं विश्वास नाही ठेवला तर दुसऱ्या बोटाकडे जायचं, हे तोंडी दोनदा सांगायचं. तो कागद भिंतीवर लावायचा नाही. कुणाच्या हातावर दोनच बोटं भरली, कुणी बापाचं बोट मुद्दाम कोरं ठेवलं, हे चारचौघांत दिसता कामा नये.

मुलग्यांची गाठ वेगळी. "पोरगा असून रडतोस?" एवढं वाक्य त्याचं तोंड बंद करायला पुरतं. बारा-तेरा वर्षांचे मुलगे या तासाला सगळ्यात जास्त हसतात. ते हसू दंगा म्हणून दाबलं, तर त्यामागचं काहीच हाती लागत नाही.

गावात हेच काम नकाशानं होतं. सहा ते आठ जणांचा गट, मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, लहान-मोठे वेगळे. आधी अर्धा तास पायी फिरायचं, मग कार्डशीट, तीन रंगांचे खडू: हिरवा निर्धास्त जागेला, पिवळा 'कधीकधी'ला, लाल भीतीला. मोठ्या माणसानं खडू हातात घ्यायचा नाही, ही पहिली अट, आणि तीच सगळ्यात आधी मोडते. मुलींच्या नकाशावर लाल निघतात ते शौचालयामागचा बोळ, पाण्याच्या टाकीचा जिना, क्लासहून येतानाचा दिवा नसलेला वळणाचा रस्ता, एसटी थांब्याची टपरी, आणि कोणाकोणाचं घर. मुलग्यांच्या कागदावर तोच बोळ हिरवा असतो, कारण ते तिथे क्रिकेट खेळतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर काढलेल्या नकाशात तर राहतं घरच लाल होतं; आईबाप कोयता घेऊन सहा महिने गेलेले, आणि बारा वर्षांची मुलगी नातलगांकडे ठेवलेली. हंगामी वसतिगृह चालू झालं तर ते हिरवं होतं, नाहीतर तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. नकाशा नेहमी दोन करायचे. एक ग्रामपंचायतीत लावायचा, ज्यात दिवा, कडी, दार, वाट अशा दुरुस्तीच्या गोष्टी येतील. दुसरा, ज्यात माणसांची घरं आहेत, तो कपाटात. एकदा का एखाद्याचं घर लाल रंगात पंचायतीच्या भिंतीवर गेलं, की संध्याकाळपर्यंत कुठल्या गटानं ते रंगवलं याचा शोध लागतो, आणि मार बसतो तो रंगवणाऱ्या मुलीला. ग्राम बाल संरक्षण समितीत एक मुलगा आणि एक मुलगी प्रतिनिधी असावेत असं कागदावर आहे. बैठक मात्र कामाच्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे दोघंही वर्गात, आणि सह्या नंतर. बैठक साडेपाचला घेतली तर यातलं निम्मं सुटतं.

मुलांना आधी विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच मुंबईतलं आहे. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून संकटातल्या मुलांसाठी फोनसेवा सुरू केली. रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या मुलांना अक्षरओळख नव्हती, पण उलटी मोजणी येत होती. दहा, नऊ, आठ. १०९८ हा क्रमांक त्यांच्या जिभेवर असा बसला. आज ती सेवा सरकारच्या यंत्रणेत गेली आहे, ११२शी जोडली गेली आहे, पण आकडे तेच राहिलेत. बालविवाहाच्या आदल्या रात्री बारावीतल्या एखाद्या मैत्रिणीनं फिरवलेला क्रमांक हाच असतो. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण तो गावातल्याच पंगतीत जेवतो, म्हणून मुली आधी १०९८ फिरवतात आणि "माझं नाव सांगू नका" हे पहिलं वाक्य बोलतात.

पुन्हा पेटीकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर पालक रेल्वे रुळांवर उतरले, आणि राज्यभर शाळांमधले कॅमेरे, तक्रारपेट्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांची पुन्हा झडती सुरू झाली. पुष्कळ पेट्या तेव्हा घाईनं ठोकल्या गेल्या. बसवताना जे चुकतं ते साधं आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, म्हणजे चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्या शाळेला दिसतं; वर कॅमेरा, तो नेमका पेटीवर रोखलेला. तोंड साडेचार फुटांवर, म्हणजे दुसरीतल्या मुलीला कुणाला तरी सांगावं लागतं, "माझी टाकता का?" किल्ली एकच, तीही ज्यांच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्यांच्याच टेबलाच्या खणात. आणि तीस पटाच्या शाळेत निनावी असं काही नसतंच. बाई अक्षरावरून, शाईवरून, वहीच्या रेघांवरून मूल ओळखतात. यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. पेटी पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या वळणावर, तोंड तीन फुटांवर. दोन कुलपं, दोन किल्ल्या, एक शिक्षिकेकडे आणि एक व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईकडे. दोघी असल्याशिवाय पेटी उघडत नाही. आठवड्यातून एकदा सगळ्या मुलांना सारख्या मापाचा कोरा कागद द्यायचा आणि सगळ्यांनी तो टाकायचाच, कोरा, चित्राचा किंवा लिहिलेला. सगळेच टाकतात, तेव्हा कुणीच टाकत नाही. लिहिता न येणाऱ्यांनी रंगीत ठिपका द्यायचा. दर वेळी नोंद, पेटी रिकामी निघाली तरीही. आणि सूचनाफलकावर उत्तर, नाव न घेता: 'मुलींच्या शौचालयाची कडी बसवली.' कडीसाठी लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तर आलं, तरच मुलं पुढची चिठ्ठी लिहितात. पालीच्या चिठ्ठीला उत्तर न देणाऱ्या शाळेत काकांची चिठ्ठी येत नाही.

आलीच, तर पुढचा तास महत्त्वाचा. खाली बसावं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही." 'का' हा शब्द टाळावा, "आधी का नाही सांगितलंस" हा तर मुलाला आरोपच वाटतो. त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत, 'तसलं' म्हणालं असेल तर 'तसलं'च, तारीख-वेळ घालून. पाच जणांनी पाचदा विचारू नये. प्रसंग ताजा असेल तर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून कागदात गुंडाळावेत. इस्पितळात उपचार लगेच आणि मोफत मिळायला हवेत, पोलिसांचा कागद आधी लागत नाही. एचआयव्ही रोखण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर वर्षापर्यंत कैद. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय. हे सगळं चांगलंच आहे. पण "कुणालाच सांगणार नाही" असं वचन म्हणूनच देता येत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. आपापसांतल्या प्रेमाचा विषयही त्याच कायद्याच्या कक्षेत जातो, त्यामुळे खरा त्रास झाला तरी ती तोंड उघडत नाहीत. एक गोष्ट सांगताना दुसरी बाहेर येईल, ही धास्ती. याचं सोपं उत्तर हाताशी नाही. निदान आधी स्पष्ट सांगावं: "मला अमुक माणसांना कळवावं लागेल, पण त्याआधी तुला सांगेन आणि तुझ्याबरोबर येईन."

त्या शाळेत चिठ्ठी रजिस्टरमधून परत काढली गेली. सोमवारी प्रार्थनेनंतर फलकावर उत्तर लागलं. 'पेटी दोन जणी उघडतात. शनिवारी, शाळा सुटताना.' खाली दोघींची नावं. त्या आठवड्यात पेटी नळाच्या वळणावर गेली, आणि प्रत्येकाला कोरा कागद मिळाला.

पुढच्या शनिवारी कोऱ्या घड्यांचा ढीग निघाला. त्यात एका कागदावर तेच डाव्या हाताचं अक्षर.

'शनिवारी नका उघडू. शनिवारी उघडली तर रविवारी आम्ही घरी असतो.'

आता ती पेटी मंगळवारी उघडतात, मधल्या सुट्टीच्या आधी.